परमुलखातील भाऊबंदकी : दिल्लीच्या मैदानावरील मोहन बागान आणि ईस्ट बंगाल

मराठीत ‘वैर’ आणि ‘भाऊबंदकी’ हे दोन शब्द शेजारी नांदतात, परंतु त्यांचे अर्थ एक नाहीत. वैर कोणाशीही होऊ शकते. त्याला ओळखीची, नात्याची किंवा समाईक बांधाची गरज नसते. भाऊबंदकीला मात्र एक वाडा लागतो, एक विहीर लागते, एका मूळपुरुषाचे नाव लागते. जे वाटून घ्यावयाचे ते आधी एकत्र असावे लागते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांनी १९०९ मध्ये पेशव्यांच्या घरातील कलहावर नाटक लिहिले आणि त्याला हाच शब्द शीर्षक म्हणून दिला, तेव्हा मराठी प्रेक्षकाला त्याचा अर्थ विचारावा लागला नाही. एकाच शहरातील दोन फुटबॉल संघांमधील चुरस ही या जातीची असते. दोन देशांचे संघ खेळतात तेव्हा हरलेला प्रेक्षक आपल्या देशी परततो. एका शहरातले दोन संघ खेळतात तेव्हा हरलेल्याला दुसऱ्या दिवशी जिंकलेल्याच्याच शेजारी बसून कचेरीत खर्डेघाशी करावी लागते.

भारतातील अशा चुरशींमध्ये कलकत्त्याच्या मोहन बागान आणि ईस्ट बंगाल या दोन संघांची चुरस सर्वांत दीर्घ आणि सर्वांत अर्थसंपन्न आहे. तिचा इतिहास बहुधा कलकत्त्याच्या चौकटीत सांगितला जातो : तिथले मैदान, तिथला पावसाळा, तिथल्या मासळीबाजारातील वाढलेले किंवा पडलेले भाव. तथापि या इतिहासाचे एक महत्त्वाचे प्रकरण कलकत्त्यापासून सुमारे दीड हजार किलोमीटर दूर, दिल्लीत घडले. स्वातंत्र्योत्तर काळात अर्धशतकाहून अधिक वर्षे हे दोन्ही संघ हिवाळ्याच्या सुमारास राजधानीत येत राहिले आणि तेथील ड्युरँड चषकाच्या अंतिम सामन्यात एकमेकांसमोर पुनःपुन्हा उभे ठाकले. भाऊबंदकी घर सोडून परमुलखात गेली म्हणजे तिचे काय होते, हा प्रश्न समाजशास्त्राचा आहे तितकाच साहित्याचाही आहे. दिल्लीच्या मैदानाने त्याला जे उत्तर दिले, ते या चुरशीच्या मूळ स्वरूपावरच प्रकाश टाकते.

प्रथम मुळाकडे वळणे इष्ट. मोहन बागानची स्थापना १५ ऑगस्ट १८८९ रोजी उत्तर कलकत्त्यात झाली. भद्रलोक कुटुंबांच्या आश्रयाने वाढलेल्या या संघाने २९ जुलै १९११ रोजी आय.एफ.ए. शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटच्या गोऱ्या सैनिकांना २–१ असे हरवले. संघातील अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी खेळले. बूट घातले होते ते एकट्या सुधीर चटर्जींनी. शिबदास भादुडी आणि अभिलाष घोष यांनी केलेल्या दोन गोलांना राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासात जे स्थान मिळाले, ते खेळाच्या इतिहासातील स्थानापेक्षा कमी नाही. १९०५ च्या फाळणीने दुखावलेल्या बंगालला त्या दिवशी स्वतःच्या सामर्थ्याचा एक दृश्य पुरावा मिळाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस, १२ डिसेंबर १९११ रोजी, दिल्लीत दरबार भरला आणि पंचम जॉर्जने दोन घोषणा केल्या. पहिली, बंगालची फाळणी रद्द झाल्याची. दुसरी, हिंदुस्थानची राजधानी कलकत्त्याहून दिल्लीला नेण्याची. बंगालला एका हाताने दिले आणि दुसऱ्या हाताने काढून घेतले, असा हा व्यवहार होता. मैदानावरील विजय आणि राजधानीचे स्थलांतर यांत कार्यकारणाचा संबंध जोडण्याचे कारण नाही; पण एका वर्षाच्या पोटात या दोन घटना शेजारी पडलेल्या आहेत, आणि पुढे जे दिल्लीत घडले त्याची बीजे या शेजारात सापडतात. राजधानीबरोबर सरकारी खाती हलली, खात्यांबरोबर कारकून हलले, आणि कारकुनांबरोबर त्यांच्या दुर्गापूजा, त्यांच्या वाचनशाळा आणि त्यांच्या संघनिष्ठाही दिल्लीला आल्या. तिमारपूरच्या सरकारी वस्तीत आणि पुढे नव्या दिल्लीच्या गोल मार्केट परिसरात जे बंगाली मध्यमवर्गीय जीवन रुजले, ते या स्थलांतराचे फळ होय.

ईस्ट बंगालचा जन्म एका वगळण्यातून झाला. १९२० च्या जुलै महिन्याच्या अखेरीस जोडाबागान संघ मोहन बागानशी खेळावयास उतरला, तेव्हा शैलेश बोस या खेळाडूला संघातून गाळण्यात आले. जोडाबागानचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी यांनी त्याला घेण्याचा आग्रह धरला. तो मानला गेला नाही. पूर्व बंगालचा माणूस म्हणूनच हा अव्हेर झाला, अशी भावना झाली. चौधुरी बाहेर पडले आणि १ ऑगस्ट १९२० रोजी समविचारी मित्रांसह त्यांनी नवा संघ स्थापन केला. त्याचे नाव ठेवण्यात आले ते सरळ प्रदेशाचे. कलकत्त्यात राहणाऱ्या, पण कलकत्त्याने ज्याच्या बोलीला हसावे अशा माणसाला त्या नावाने एक पत्ता दिला. पश्चिमेकडच्यांना ‘घोटी’ आणि पूर्वेकडच्यांना ‘बांगाल’ म्हणण्याची रीत जुनीच होती. आता त्या रीतीला दोन रंगसंगती लाभल्या, एका बाजूला हिरवा आणि किरमिजी, दुसऱ्या बाजूला लाल आणि सोनेरी. २८ मे १९२५ रोजी कलकत्ता साखळीत हे संघ प्रथमच भेटले आणि नवख्या ईस्ट बंगालने १–० असा विजय मिळवला.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ही वाटणी दिसते तेवढी रेखीव कधीच नव्हती. १९११ च्या ज्या संघाला मोहन बागान आपला मूळपुरुष मानते, त्यातले अनेक खेळाडू पूर्व बंगालच्या कुळांतले होते. मोहन बागानचा पहाडासारखा बचावपटू गोष्ठ पाल फरीदपूर जिल्ह्यातला. पुढे आयुष्यभर मोहन बागानखेरीज दुसरा संघ न पाहिलेला चुनी गोस्वामी किशोरगंजमध्ये जन्मला, म्हणजे आजच्या बांगलादेशात. उलट ईस्ट बंगालने १९४० च्या दशकाच्या अखेरीस आपला सुवर्णकाळ उभा केला तो अप्पाराव, वेंकटेश, सालेह, धनराज आणि अहमद खान या पाच आघाडीपटूंच्या बळावर. प्रेक्षक त्यांना पंचपांडव म्हणत, आणि त्यांच्यापैकी एकही बंगाली नव्हता; सगळे दक्षिण भारतातून आलेले. निष्ठेच्या सीमा रक्ताच्या सीमांवरून जात नव्हत्या. भाऊबंदकीत नाही तरी पुष्कळदा असेच असते : भांडण खानदानाच्या नावाने चालते, पण दोन्ही वाड्यांतली माणसे एकाच पाण्यावर वाढलेली असतात.

१९४७ च्या फाळणीने या चुरशीचा अर्थ पालटला. तोवर ‘ईस्ट बंगाल’ हे एका प्रदेशाचे नाव होते. आता तो प्रदेश परदेश झाला. लक्षावधी निर्वासित कलकत्त्यात आले, रेल्वे स्थानकांवर राहिले, शहराच्या कडेला मोकळ्या जमिनींवर त्यांनी वसाहती उभारल्या. मराठी वाचकाला निर्वासितांचे जग प्रत्यक्ष परिचयाचे झाले ते प्रामुख्याने कल्याणजवळच्या छावण्यांतून आणि त्यांतून उभ्या राहिलेल्या उल्हासनगरातून. पण ते निर्वासित सिंधी होते आणि त्यांची भाषा, त्यांचा व्यापार आणि यजमानांचे जग यांत स्पष्ट अंतर होते. कलकत्त्यात अंतर नव्हते, हेच तेथील दुःखाचे वैशिष्ट्य. भाषा एक, देव एक, पूजा एक. फक्त उच्चार वेगळा आणि घर गेलेले. अशा माणसाच्या हाती शनिवारच्या सामन्याचे तिकीट आले म्हणजे त्याच्यावर ज्या देशाचे नाव छापलेले असे, तो देश त्याला अन्यत्र कोठेही भेटत नव्हता. ऋत्विक घटक यांच्या १९६० च्या ‘मेघे ढाका तारा’ या चित्रपटाने निर्वासित वसाहतीतील कुटुंबाची जी शोकांतिका मांडली, तिच्या पाठीमागे हेच जग आहे. आणि मती नंदी यांच्यासारखा कादंबरीकार ‘स्ट्रायकर’, ‘स्टॉपर’ या कादंबऱ्यांतून फुटबॉलपटूचे जीवन गंभीरपणे चितारू शकला, त्याचे कारणही हेच की बंगालमध्ये मैदान हा समाजजीवनाचाच एक भाग झालेला होता.

आता दिल्लीकडे यावे. ड्युरँड चषक ही स्पर्धा १८८८ मध्ये सिमल्याच्या ॲननडेल मैदानावर सुरू झाली. हिंदुस्थान सरकारचे परराष्ट्र सचिव सर मॉर्टिमर ड्युरँड यांनी ती सैन्यातील तुकड्यांसाठी सुरू केली. उन्हाळ्यात सरकार सिमल्याला जाई, म्हणून स्पर्धाही तेथेच. १९४० मध्ये ती दिल्लीला आणण्यात आली आणि त्याच वर्षी इंडिया गेटजवळच्या आयर्विन ॲम्फीथिएटरमध्ये, म्हणजे पुढच्या नॅशनल स्टेडियममध्ये, कलकत्त्याच्या मोहमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉरविकशायर रेजिमेंटला २–१ असे हरवून ती जिंकली. या चषकावर नाव कोरणारा तो पहिला भारतीय संघ. महायुद्ध आणि फाळणी यांमुळे खंडित झालेली स्पर्धा १९५० मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तिचे यजमानपद स्वतंत्र भारताच्या सेनादलांकडे होते. राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांनी १९५६ मध्ये तिला आपल्या नावाचा एक चषक जोडला. साम्राज्याच्या करमणुकीसाठी निघालेली स्पर्धा अशा रीतीने प्रजासत्ताकाची स्पर्धा झाली. दिल्ली क्लॉथ मिल्सने १९४५ मध्ये सुरू केलेल्या डी.सी.एम. स्पर्धेने तिला जोड दिली, आणि हिवाळ्यातली दिल्ली ही भारतीय फुटबॉलची दुसरी राजधानी बनली.

या दिल्लीत कोण राहत होते? १९४१ च्या जनगणनेत दिल्लीची लोकसंख्या सुमारे ९ लाख १८ हजार होती. १९५१ मध्ये ती १७ लाख ४४ हजार झाली. या वाढीतला मोठा वाटा पंजाबातून आलेल्या निर्वासितांचा होता. पूर्व बंगालचे विस्थापित दिल्लीत तुलनेने थोडे होते. आणि जे होते त्यांपैकी बरेचसे सरकारी नोकरीच्या निमित्ताने येथे आलेले, माघारी जावयास गाव न उरलेले. या मंडळींनी संघटित होऊन राजधानीत जमिनीची मागणी केली. १९६० च्या दशकात दक्षिण दिल्लीच्या खडकाळ माळावर त्यांना भूखंड मिळाले, आणि वसाहतीचे नाव पडले ‘ई.पी.डी.पी. कॉलनी’, म्हणजे पूर्व पाकिस्तानातील विस्थापितांची वसाहत. पुढे ती देशबंधूंच्या नावाने चित्तरंजन पार्क म्हणून ओळखली जाऊ लागली. देशबंधू चित्तरंजन दासांचे कूळही ढाक्याजवळच्या विक्रमपूरचे. नामांतरातही मूळ गाव सुटले नाही. कागदोपत्री ‘विस्थापित’ असलेल्या या माणसांच्या शहरात दर हिवाळ्यात एक संघ येई आणि त्याच्या नावात त्यांचा हरवलेला मुलूख असे.

परंतु दिल्लीतील प्रेक्षकागारात ही माणसे एकटी नव्हती. १९११ नंतर कलकत्त्याहून आलेल्या जुन्या बंगाली कुटुंबांची पुढची पिढीही तेथे असे, आणि तिच्या निष्ठा बहुधा हिरव्या-किरमिजी रंगाकडे असत. कलकत्त्यात या दोन निष्ठांना वेगवेगळे मोहल्ले होते. दिल्लीत त्यांना एकच कालीबाडी होती, एकच दुर्गापूजेचा मंडप होता, एकच मासळीबाजार होता. शिवाय भोवतालच्या पंजाबी, हरियाणवी आणि जुन्या दिल्लीतील प्रेक्षकाच्या दृष्टीने घोटी आणि बांगाल यांत काहीही फरक नव्हता. त्याच्या लेखी दोघेही ‘बंगाली’. कलकत्त्यात ज्या एका स्वराच्या हेलावरून माणसाची जात ठरे, तो हेल दिल्लीच्या कानाला ऐकूच येत नसे. परमुलखात गेलेल्या भाऊबंदांचे हेच होते. गावात ज्याच्याशी बोलणे बंद असते, तो मुंबईच्या चाळीत ‘गाववाला’ होतो. भांडण मिटते असे नाही. पण ते करावयाला माणूस हवा, आणि तो माणूस हाच एक, याची जाणीव होते.

या जाणिवेला इतिहासाने एक विलक्षण चिन्ह दिले. १९६० च्या ड्युरँड चषकाच्या अंतिम फेरीत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल समोरासमोर आले. पहिला सामना बरोबरीत सुटला. पुनर्सामना झाला, त्यातही निर्णय लागला नाही. अखेरीस दोघांना संयुक्त विजेते घोषित करण्यात आले. बावीस वर्षांनी, १९८२ मध्ये, ज्या वर्षी आशियाई क्रीडास्पर्धांमुळे दिल्लीचे रूप पालटले त्याच वर्षी, पुन्हा तेच घडले : अंतिम फेरीत तेच दोन संघ, पुन्हा बरोबरी, पुन्हा चषकाची वाटणी. जे मानाचे, ते दिल्लीत दोनदा वाटून घेतले गेले. नियमपुस्तकाच्या दृष्टीने ही केवळ एक तांत्रिक तरतूद. पण वाङ्मयाचा अभ्यासक घटनांच्या आकृतिबंधाकडेही पाहतो, आणि त्या दृष्टीने ही वाटणी अर्थपूर्ण ठरते. फाळणीने ज्या समाजाची वाटणी केली होती, त्याच्या वाट्याला वाटणीचा हा एक निराळा प्रकार आला. त्यात वस्तू दुभंगली नाही आणि कोणी बेघर झाले नाही.

सारेच सामने असे सुटले, असे मात्र नाही. १९६४ च्या अंतिम सामन्यात मोहन बागान जिंकले. १९६३ ते १९६५ अशी सलग तीन वर्षे चषक त्यांच्याकडे राहिला, तो चुनी गोस्वामींचा काळ. १९७० मध्ये ईस्ट बंगालने २–० अशी परतफेड केली. १९७८ मध्ये ३–० असा निर्विवाद विजय मिळवला. १९८४ मध्ये मोहन बागानने १–० असा हिशेब चुकता केला. १९८९ ते १९९१ ही तीन वर्षे ईस्ट बंगालची. २००४ मध्ये आंबेडकर स्टेडियमवर ईस्ट बंगालने २–१ असा विजय मिळवला, आणि राजधानीतील या दोघांच्या अंतिम सामन्यांची मालिका तेथे थांबली. या यादीत कोणाचा वरचष्मा, हे सांगणे कठीण. आणि तेच तिचे सार आहे. आजवर मोहन बागानने हा चषक १७ वेळा आणि ईस्ट बंगालने १६ वेळा पटकावला आहे. दोन वाड्यांच्या भिंती इतक्या सारख्या उंचीच्या असाव्यात, असा योग क्वचित येतो.

राजधानीतल्या सामन्याला आणखी एक परिमाण होते. कलकत्त्याची साखळी पावसाळ्यात चाले. चिखल, छत्र्या, ओल्या गवताचा वास हे तिचे वातावरण. दिल्लीचे सामने कोरड्या, टणक जमिनीवर आणि लवकर मावळणाऱ्या उन्हात होत. सामन्याला राष्ट्रपती किंवा सेनाप्रमुख उपस्थित, लष्करी बँड वाजतो आहे, आणि दोन्ही संघ रांगेत उभे आहेत, असे ते दृश्य. या समारंभात प्रांतीय भांडणाला राष्ट्रीय सभ्यतेची वस्त्रे चढत. १९५१ च्या पहिल्या आशियाई स्पर्धांत दिल्लीतच भारताने इराणला १–० असे हरवून सुवर्णपदक मिळवले, तेव्हा संघाचा नायक मोहन बागानचा शैलेन मन्ना होता आणि त्याच्याबरोबर ईस्ट बंगालचे वेंकटेश, सालेह आणि अहमद खान खेळले होते. दिल्लीने या दोन रंगांना एकाच निळ्या रंगाखाली पाहिले होते. ती स्मृती पुढील सामन्यांमागे कोठे तरी उभी होती.

कलकत्त्यातील चुरशीची काळी बाजू येथे झाकून ठेवता येणार नाही. ३० सप्टेंबर १९७५ रोजी शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालने ५–० असा विजय मिळवला, आणि तो पराभव असह्य होऊन मोहन बागानच्या एका तरुण समर्थकाने आत्महत्या केली. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात उसळलेल्या दंगलीत आणि चेंगराचेंगरीत १६ प्रेक्षक मृत्युमुखी पडले. भाऊबंदकीचा शेवट रक्तपातात होऊ शकतो, हे खाडिलकरांच्या नाटकानेही दाखविले आहेच. कलकत्त्यात दोन्ही बाजूंना आपले संख्याबळ ठाऊक होते. गर्दी ही तेथे स्वतःच एक पक्ष होती. दिल्लीत दोन्ही बाजू अल्पसंख्य होत्या. अल्पसंख्य माणूस भांडतो तेव्हाही भोवती कोण पाहते आहे, याचे भान ठेवतो. हा संयम सद्गुणातून आला होता असे म्हणण्यापेक्षा परिस्थितीतून आला होता, असे म्हणणे अधिक प्रामाणिक होईल.

मग ज्या शहराने इतरांच्या भाऊबंदकीला इतके दिवस आश्रय दिला, त्याची स्वतःची चुरस कोठे होती? दिल्लीत संघ नव्हते असे नाही. जुन्या शहरातले यंग मेन, सिटी क्लब, मुघल्स. सिमला आणि दिल्ली यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या कारकुनी जगातून आलेले सिमला यंग्ज. १९५३ मध्ये गढवाली मंडळींनी उभारलेले गढवाल हीरोज. १९४४–४५ च्या संतोष करंडकात दिल्लीने अंतिम सामन्यात प्रत्यक्ष बंगालला हरवले होते. पण या संघांच्या सामन्यांना शहर दुभंगण्याचे भाग्य लाभले नाही. याचे कारण शहराच्या घडणीत शोधावे लागते. भाऊबंदकीला समाईक वाडा लागतो, आणि १९४७ नंतरची दिल्ली हा वाडा नव्हता. ती धर्मशाळा होती. मोठी, उदार, पण धर्मशाळा. जो तो आपले गाव गाठोड्यात बांधून आलेला. गढवाली गढवालसाठी ओरडे, बंगाली बंगालसाठी. दिल्लीसाठी ओरडावे अशी दिल्ली अजून व्हावयाची होती. २०१४ मध्ये इंडियन सुपर लीगसाठी उभा केलेला दिल्ली डायनामोज हा संघ २०१९ मध्ये बिऱ्हाड उचलून भुवनेश्वरला गेला आणि ओडिशाचा झाला, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

याच्या उलट चित्र महाराष्ट्रात कोल्हापूरला दिसते. तेथे मंगळवार पेठेतील पाटाकडील तालीम असो की शिवाजी पेठेतील शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम असो, फुटबॉल संघ तालमींच्या आणि पेठांच्या पोटातून जन्मले. कुस्तीच्या आखाड्यातली ईर्ष्या छत्रपती शाहू स्टेडियमवरील चेंडूच्या खेळात उतरली, आणि दोन पेठांचा सामना म्हणजे घराघरांचा प्रश्न झाला. मुंबईत मात्र दिल्लीसारखेच घडले. १८९१ पासूनचा रोव्हर्स चषक कूपरेजवर रंगे. ईस्ट बंगालने तो प्रथम १९४९ मध्ये आणि मोहन बागानने १९५५ मध्ये जिंकला. पण मुंबईच्या बहुभाषी गर्दीला त्यांच्या भांडणात स्वतःची बाजू नव्हती. मोठे शहर आणि खोल चुरस यांची सांगड आपोआप बसत नाही. चुरशीला मुळे लागतात, आणि राजधान्या पुष्कळदा मुळांपेक्षा फांद्यांवरच जगतात.

कालांतराने दिल्लीचा तो हिवाळाही ओसरला. डी.सी.एम. स्पर्धा १९९० च्या दशकानंतर टिकली नाही. ड्युरँड चषक २०१४ मध्ये गोव्यात खेळवला गेला, २०१६ मध्ये पुन्हा दिल्लीत आला, आणि २०१९ पासून त्याने आपला मुख्य तळ कोलकात्यात हलविला. ३ सप्टेंबर २०२३ रोजी तेथे मोहन बागानने ईस्ट बंगालला १–० असे हरवून तो जिंकला, तेव्हा या चषकाच्या अंतिम सामन्यात हे दोन संघ एकोणीस वर्षांनी भेटत होते. आणि आता ते आपल्या घरी खेळत होते. १९११ मध्ये कलकत्त्याहून दिल्लीला जे गेले, त्यातला हा एवढासा भाग शंभराहून अधिक वर्षांनी परत आला, असे कोणी म्हटले तर ते सर्वस्वी चूक ठरणार नाही.

दरम्यान व्यापारी व्यवस्थेने या संघांची नावे आणि मालकी यांत मोठे फेरफार केले. २०२० मध्ये मोहन बागानच्या नावामागे एटीके ही अक्षरे लागली आणि समर्थकांच्या दीर्घ असंतोषानंतर २०२३ मध्ये ती गळाली. २७ नोव्हेंबर २०२० रोजी इंडियन सुपर लीगमधील या दोघांचा पहिला सामना झाला तो गोव्यात, वास्कोच्या टिळक मैदानावर. महामारीमुळे तेथे प्रेक्षक नव्हते. पुन्हा एकदा परमूलख. पण दिल्लीतील परमुलखात निदान दोन्ही बाजूंची माणसे होती. गोव्यातल्या त्या रित्या मैदानावर खेळ होता, गोल होते, निकाल होता, भाऊबंद नव्हते. चुरस ही अकराविरुद्ध अकरा खेळाडूंची असते, या समजुतीचे खंडन त्या रिकाम्या बाकांनी जितके केले तितके कोणत्याही ग्रंथाने केले नसते.

आणि ज्या गोष्टीची दिल्लीने दोनदा चाहूल दिली होती, ती कोलकात्यात प्रत्यक्ष घडली ती १८ ऑगस्ट २०२४ रोजी. शहरातील आर. जी. कर वैद्यकीय महाविद्यालयात एका तरुण डॉक्टर महिलेवर झालेल्या अत्याचाराने आणि तिच्या हत्येने सारा बंगाल हादरला होता. त्या दिवशी ठरलेला मोहन बागान–ईस्ट बंगाल सामना सुरक्षेच्या कारणास्तव रद्द करण्यात आला. तरीही दोन्ही संघांचे समर्थक सॉल्ट लेकच्या स्टेडियमबाहेर जमले, आणि आपापले रंग अंगावर घेऊन न्यायाची मागणी करीत एकत्र उभे राहिले. पोलिसांच्या लाठ्या खाताना हिरव्या-किरमिजी आणि लाल-सोनेरी या सदऱ्यांत भेद उरला नाही.

या घटनेवरून दोन्ही घरांचे मनोमीलन झाले, असा निष्कर्ष काढणे भाबडेपणाचे ठरेल. तसे होणे इष्टही नाही. पुढील सामन्यात त्याच समर्थकांनी एकमेकांना खिजवलेच पाहिजे. सांगावयाचे ते एवढेच की भाऊबंदकी ही नात्याचा अभाव दर्शवीत नाही. ती नात्याची एक कठोर नोंद असते. कलकत्त्याच्या गर्दीत ही नोंद वाचता येत नव्हती, कारण तेथे तिच्यावर रोजच्या भांडणांचे थर बसले होते. दिल्लीच्या परक्या, कोरड्या उन्हात ती स्पष्ट दिसली. तिमारपूरच्या सरकारी घरातून आलेला कारकून आणि चित्तरंजन पार्कमधून आलेला विस्थापित एकाच बसने सामन्याला जात आणि, निकाल काहीही लागो, त्याच बसने परतत. त्या पिढीतली बहुतेक माणसे आता नाहीत. त्यांच्या नातवंडांचे हिंदी अस्खलित आहे, बंगाली थोडे अडखळते, आणि पूर्व बंगाल त्यांनी पाहिलेला नाही. तरीही घरात एखादा लाल-सोनेरी किंवा हिरवा-किरमिजी झेंडा असतो, आणि तो कोणाचा, हे सांगताना त्यांना आजोबांच्या गावाचे नाव घ्यावेच लागते.